काळूराम मिस्त्रीनं वाढवलेली सतरावी होडी

काळूराम मिस्त्रीनं गेल्या वर्षापर्यंत सोळा होड्या मधोमध कापल्या, पण ‘कापली’ हा शब्द त्याच्या तोंडून आमच्या गावात कुणी ऐकला नाही. तो म्हणतो, वाढवली. अमक्याची चार हात वाढवली, तमक्याची पाच हात. रेवदंड्याच्या खाडीकाठी, झावळांनी शाकारलेल्या त्याच्या मांडवात तुम्ही गेलात तर पहिल्यांदा काही कळणार नाही. एक होडी उभी असते आणि एक माणूस तिच्याभोवती फिरत असतो. तो दिवसभर फिरतो, हात लावतो, वाकून बघतो. चार दिवसांनी गेलात तर त्याच होडीचे दोन तुकडे झालेले असतात आणि मधून पलीकडची खाडी दिसते. पहिल्यांदा बघणारा दोन पावलं मागं सरतो. मी शेजारी राहतो, तरी मीही सरलो होतो. एवढी समुद्रावर चालणारी वस्तू, आणि तिचं पोट असं उघडं.

मग दोन्ही अर्धे ओंडक्यांवरून सरकवून लांब करायचे, मधल्या जागेत तळाचं नवं लाकूड बसवायचं, त्यावर नव्या फासळ्या उभ्या करायच्या आणि नव्याजुन्या फळ्या एकमेकींत शिरवायच्या. तळाच्या त्या मुख्य लाकडाला आमच्याकडे पठाण म्हणतात. माणसाचा कणा तसा होडीचा पठाण. सगळी करामत त्या पठाणाच्या सांध्यात असते. जुनं लाकूड तिरपं तासायचं, नवं तिरपं तासायचं आणि दोन्ही एकमेकांवर असं निजवायचं की समुद्रालाही शोधून सापडू नये.

या कामाच्या तीन रीती आहेत. काळूरामनं त्या कधी मोडल्या नव्हत्या. होडी आयुष्यात एकदाच वाढवायची, दुसऱ्यांदा नाही, कारण मधे मधे सांधलेला पठाण मोठ्या लाटेवर वाकतो. कापलेली होडी मालकानं बघायची नाही. आणि काम झालं की सांधा झाकायचा, रंग द्यायचा, पुढं कुणी विचारलं तरी ही होडी वाढवलेली आहे असं मिस्त्रीनं सांगायचं नाही. मालकाला वाटलं तर तो सांगेल. वाढवलेल्या होडीवर चढताना खलाशाचा पाय अडखळतो, म्हणून ही रीत पडली असं म्हणतात.

हे काम तो बापाकडून शिकला नाही. बाप भागोजी मिस्त्री, आज वय वर्षं चौऱ्याऐंशी, फक्त नव्या होड्या बांधणारा. चौलपासून पार दक्षिणेच्या खाडीपर्यंत त्याच्या होड्या चालल्या. काळूराम सतरा वर्षांचा असताना करंज्याला मामाकडे गेला, तिथं दोन वर्षं राहून वाढवण्याचं काम हातात घेऊन आला, आणि त्या दिवसापासून बापानं त्याच्या कामाला एकच शब्द ठेवला, ठिगळ. ओटीवर कुणी बसलेलं असलं आणि काळूराम हत्यारं घेऊन निघाला की म्हातारा हसत म्हणायचा, “निघाले बघा ठिगळवाले.” लोक हसायचे. काळूरामही हसायचा. चाळीस वर्षं तो हसत आला, आणि चाळीस वर्षं त्याच्या मनात एकच होतं की कधीतरी बापानं मांडवात यावं, एखाद्या सांध्यावर हात फिरवावा आणि काही म्हणू नये. बाप कधी आला नाही.

गेल्या वर्षी एप्रिलात इनशा त्याच्याकडे आली. अब्दुस्समदची धाकटी मुलगी. अब्दुस्समद म्हणजे खालच्या मोहल्ल्यातला, वीस वर्षं कुवेतला काढून परत आलेला आणि बापाची मच्छीमारीची होडी चालवणारा माणूस. मुलगी अलिबागला मराठी घेऊन एम. ए. करते. तिला एक प्रबंध लिहायचा होता, आणि विषय होता आपल्याकडे वस्तू मोठी करण्याला काय काय शब्द आहेत, ते कुठून आले. पिठाचं, घराचं, शेताच्या बांधाचं, सगळ्यांचे शब्द ती वहीत उतरवत फिरत होती.

“काका, तुम्ही होडी लांब करता त्याला काय म्हणता?”

“वाढवणं.”

“आणि मधे कापता त्याला?”

“त्याला बी वाढवणंच.”

“असं कसं? कापणं ते कापणं.”

“तुझ्या आईची बांगडी फुटली तर ती काय म्हनते?”

“आमच्यात फुटली म्हणतात.”

“आमच्यात वाढवली म्हनतात. नारळ फोडायचा न्हाय, वाढवायचा. मंगळसूत्र तुटत न्हाय, वाढतं.”

मांडवाशेजारच्या घराच्या ओटीवरून भागोजीनं आवाज दिला. कान गेलेत, पण नको ते ऐकू येतं. “पोरी, ठिगळ लिव. ठि-ग-ळ.”

इनशानं तेही लिहून घेतलं. मग तिनं वहीची मागची पानं उघडली. तिला ग्रंथालयात जे सापडलं होतं ते सांगायची तिला घाई होती, आणि ते ऐकून काळूराम हातातली पटाशी खाली ठेवून बसला. संस्कृतच्या जुन्या धातुपाठात वर्ध असा एक धातू दिला आहे, आणि त्याचा अर्थ दोन शब्दांत सांगितला आहे, छेदन आणि पूरण.

“म्हंजे?”

“कापणं आणि भरणं.”

“दोन्ही एकाच शब्दाला?”

“एकाच. बाळाची नाळ कापतात त्याला जुन्या ग्रंथात नाभिवर्धन म्हटलंय. आणि सुताराला वर्धकी. हिंदीतला बढई त्याच्यातूनच आला असं मानतात.”

काळूरामनं दोन्ही शब्द बोटांवर मोजले. मग म्हणाला, “कापायचं आणि भरायचं. ह्ये लिवणारा होडीवाला असनार.”

“होडीवाला नाही, काका. वैयाकरणी.”

“मंग त्याचा सासरा होडीवाला असंल.”

इनशा हसली. तिनं सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. वृध् म्हणजे मोठं होणं हा धातू वेगळा, काही विद्वान म्हणतात की हे दोघे मुळात निराळे आणि पुढं बोलण्यात एकमेकांत मिसळले, काही म्हणतात अशुभ शब्द टाळायला माणसं कापण्याला वाढवणं म्हणू लागली. विस्तार म्हणजे पसरणं, अंथरणं, चटई उलगडावी तसं मोठं होणं. ताणणं आणि संतान एकाच तन् धातूतून, दोरी लांबते तसं घराणं लांबतं. तिच्या अब्बानं एक शब्द दिला होता, बरकत. अरबीत उंट गुडघे टेकून बसतो त्या क्रियेशी त्याचं नातं लावतात. “अब्बू म्हणतात, नुसतं वाढलं म्हणजे बरकत नाही. वाढलेलं बसलं पाहिजे, उठून जाता कामा नये.”

“समदभाईला कळतं,” काळूराम म्हणाला.

समदभाईचं काम निघालं ते मे महिन्याच्या शेवटी. त्याचा मुलगा अझहर आता स्वतः होडी घेऊन जाणार होता, आणि पुढच्या मोसमापासून चार-चार दिवस बाहेर राहायचं त्यांच्या मनात होतं. बर्फाला जागा हवी, झोपायला जागा हवी. त्यांची होडी ‘रहमत’ वीस हातांची होती. ती सहा हात वाढवायची. आठ खलाशी आणि अझहर, नऊ माणसं त्या होडीवर जाणार.

“काळूदादा, एकच बात पूछतो,” समदभाई म्हणाला. “ही कधी वाढवली नाही ना? मी वीस साल बाहेर होतो. मागं कुणी काय केलं असंल तर माहीत नाही.”

काळूराम हसला. “रहमत बाची होडी हाय, समदभाई. चौऱ्याऐंशी सालची. बा आनि मी सोडून हिला दुसरा हात लागलेला न्हाय. आनि बा कदी वाढवत न्हाय. माझी जबान घ्या.”

समदभाईनं जबान घेतली. रीतीप्रमाणं होडीच्या पुढच्या टोकाशी मौलवींनी फातिहा पढली, काळूरामनं नारळ वाढवला, आणि समदभाई होडीकडं पाठ करून घरी गेला. जुलैअखेर तयार झाल्याशिवाय तो मांडवाकडं फिरकणार नव्हता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काळूरामनं रहमत उघडली. फळ्यांना तो मशीन लावतो, पण पठाणाला हाताची करवत. तो म्हणतो, पठाण कापताना कान लागतात. करवत सागात शिरली की एकसारखा आवाज येतो, जाड, झोपेतल्या माणसाच्या श्वासासारखा. दुपारपर्यंत तो आवाज तसाच होता. जेवून परत बसला आणि पाच-सहा ओढीत आवाज बदलला. त्यानं करवत थांबवली. खाली बघितलं. पिवळ्या भुशावर लाल भुसा पडला होता.

सागातून लाल भुसा येत नाही. काळूराम गुडघ्यावर बसला आणि बोटानं भुसा चोळला. खैर. सागाच्या पठाणाच्या पोटात खैराची खुंटी होती, आणि खुंटी सांध्याशिवाय असत नाही.

त्यानं तळाची लोखंडी पट्टी उचकटली, डांबर खरवडलं, कंदील जवळ आणला. काही दिसलं नाही. लाकडाची रेघ अखंड होती. त्यानं ओलं फडकं फिरवलं आणि वाळायची वाट पाहिली. वाळताना एक केसाएवढी तिरपी ओळ एक क्षणभर ओली राहिली आणि मग तीही दिसेनाशी झाली. त्यानं पुन्हा फडकं फिरवलं. पुन्हा तेवढीच एक ओळ. त्याच्या करवतीपासून चार बोटांवर. दोन हात पुढं जाऊन त्यानं तसंच केलं, तिथं दुसरी ओळ.

मी त्या संध्याकाळी मांडवात गेलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता आणि रहमत त्याच्या मागं अर्धी कापलेली उभी होती. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, “इतका चांगला सांधा म्या आयुष्यात बघितला न्हाय.” आणि हातातलं ओलं फडकं पुन्हा पिळायला लागला.

ओटीवर भागोजी चहा बशीत ओतून पीत होता. काळूराम त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला, मी त्याच्यामागं होतो. कानाशी वाकला नाही, मोठ्यानं बोलला नाही. तरी म्हाताऱ्याला ऐकू आलं.

“बा, रहमत वाढवलेली हाय.”

भागोजीनं बशी खाली ठेवली.

“दोन हात. मधोमध. खैराच्या खुंट्या.”

“सात,” भागोजी म्हणाला. “दोन्ही अंगाला सात-सात.”

काळूराम ओटीच्या पायरीवर बसला. आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला, कारण काळूरामची बायको सुचिता दारात येऊन उभी राहिली होती.

मग म्हातारा जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण त्यात माझ्यानं काही घालवत नाही आणि काढवतही नाही. आधी एवढं सांगतो, आमच्याकडे होडी मालकाच्या हातानं मोजतात. काम धरायच्या दिवशी मालक लाकडावर कोपरापासून बोटापर्यंत हात ठेवतो, मिस्त्री त्या मापाची वेळूची काठी कापतो, आणि होडीचं सगळं मोजमाप त्या काठीनं होतं. होडी मालकाच्या अंगाची असावी म्हणून. समदभाईचा बाप इस्माईलभाई सहा फुटांवरचा माणूस, त्याचा हात लांब.

“काठी तुझ्या आयनं चुलीत घातली,” भागोजी म्हणाला. “पाणी तापवायला. तिला काय म्हाईत. मालकाचा हात जाळला म्हनून कुनाला सांगू? त्याला पुन्ना बोलावून हात ठिव म्हनायचं, तर त्यो इचारनार, पयला कुटं ग्येला. म्हनलं माजा हात आनि त्याचा हात, किती फरक असनार.”

हाताला अडीच बोटांचा फरक होता. एका हाताची चोवीस बोटं. वीस हातांत पन्नास बोटं गेली, म्हणजे दोन हात. फळ्या मारून झाल्यावर एक दिवस इस्माईलभाई सहज आला आणि होडीच्या कडेवर त्यानं हात टेकला, आणि भागोजीनं बघितलं की त्याची बोटं तिथल्या एका हाताच्या खुणेच्या पुढं गेली आहेत. त्या क्षणी त्याला कळलं. पाण्यात सोडायच्या दिवशी मालक स्वतः हातानं होडी मोजतो, सगळ्या वाडीसमोर.

“त्याला म्हनलं, पंधरा दिस येऊ नको, राळ सुकायची हाय. आनि कापली.”

होडीसाठी तो शब्द त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला गेला.

“करवतीचं दुसरं टोक कुनी धरलं?” काळूरामनं विचारलं. तो स्वतः त्या वर्षी करंज्याला होता.

“तुझ्या आयनं.”

काळूरामची आई जाऊन नऊ वर्षं झाली. ती चिडली की नवऱ्याला काहीबाही बोलायची, पण होड्यांबद्दल कधी एक शब्द बोलली नव्हती. नवरा मुलाला ठिगळवाला म्हणायचा तेव्हा ती आतून ऐकायची आणि उठून परसात जायची. ते आता काळूरामला आठवलं.

“मला चाळीस वर्सं ठिगळ म्हनलास,” तो म्हणाला.

“म्हनलो. तू सांधे हुडकायला शिकून आलास. मला भ्या वाटलं.” म्हाताऱ्यानं बशीकडं बघितलं. “आता झाकून टाक. माजा सांधा येक्केचाळीस वर्सं टिकला. तुझे सहा हात त्याच्या बाजूला घाल. कुनाला कळनार न्हाय.”

“नऊ मानसं जानार हायत, बा.”

“माजा सांधा उघडनार न्हाय.”

“तुझा उघडनार न्हाय. पन चार सांध्यांचा पठाण वाकनार. हे तूच शिकवलंस मला.”

“तू माजं तोंड काळं करनार.”

काळूराम उठला आणि मांडवाकडं गेला. सुचितानं हाक मारली, “अवो, चा तरी प्या.” त्यानं ऐकलं नाही.

दोन दिवस त्यानं करवतीला हात लावला नाही. तो फक्त होडीभोवती फिरत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत आहे, कारण तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडं आला आणि एकच गोष्ट सारखी बोलत राहिला. सांगितलं तर चौऱ्याऐंशी वर्षांच्या बापाचं नाव जातं, आणि ते नाव सोडून त्या माणसाकडं आता दुसरं काही नाही. न सांगितलं तर अझहर आणि आठ जण अशा होडीवर जातात जी मोठ्या लाटेवर वाकेल हे बापलेकांनाच ठाऊक आहे. आणि जबान त्यानं दिलेली. “बरं,” तो म्हणाला, “न सांगता परत जोडून दिली, वाढवत न्हाय म्हनलो, तर इचारनार, का?”

त्या दुपारी त्यानं फोन लावला आणि समदभाईला मांडवात बोलावलं. समदभाई म्हणाला, अजून झाली नसंल. काळूराम म्हणाला, “झाली न्हाय. तरी या.”

मी तिथं होतो. समदभाई आला, इनशा बरोबर होती. झावळांच्या आत पाऊल टाकलं आणि तो थांबला. तोपर्यंत काळूरामनं जुन्या सांध्याला हात न लावता आपला काप पूर्ण केला होता. रहमतचे दोन भाग वेगळे उभे होते. समदभाईनं एका हातानं खांब धरला. चाळीस वर्षं ज्या होडीकडं त्याच्या घराण्यानं बघितलं ती त्याला अशी कधी बघायची नव्हती.

“का दाखवलीस, काळूदादा?”

काळूरामनं सांगितलं. उभ्यानं, एका दमात, वेळूच्या काठीपासून लाल भुशापर्यंत. बापाला झाकलं नाही आणि स्वतःच्या जबानीलाही झाकलं नाही. समदभाई ऐकत होता आणि त्याची नजर दोन तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर होती.

“माझा बाप ह्या होडीवर छब्बीस साल गेला,” तो म्हणाला. “कापलेल्या होडीवर. आणि त्याला माहीत नव्हतं.”

“व्हय.”

“तुफानात पण हीच घेऊन गेला. त्र्याण्णवच्या. तो परत येईपर्यंत अम्मी दारात बसून राहिली होती तीन दिवस.”

तेवढ्यात बाहेर काठीचा आवाज आला. भागोजी. अकरा वर्षं तो ओटीच्या पलीकडं गेला नव्हता. एका हातात काठी आणि दुसरा हात सुचिताच्या खांद्यावर. तो आत आला, कुणाकडं बघितलं नाही, सरळ रहमतच्या मागच्या तुकड्याशी गेला आणि वाकता येत नव्हतं म्हणून खाली बसला. मग त्यानं पठाणावर हात ठेवला, बरोबर त्या ओळीवर, जी आम्हाला ओलं फडकं फिरवून सुद्धा नीट दिसत नव्हती.

“हितं हाय,” तो म्हणाला.

समदभाई त्याच्यासमोर बसला. “चाचा, माझा बाप दर मोसमाची पहिली मासळी तुमच्या घरी पाठवायचा. होडी चांगली बांधली म्हणून.”

“व्हय. खाल्ली म्या.”

“गळ्याखाली उतरली?”

“न्हाय उतरायची. खायाचो.”

समदभाई उठला, बाहेर गेला, खाडीकडं तोंड करून उभा राहिला. इनशा त्याच्यामागं गेली नाही. ती भागोजीच्या हाताकडं बघत होती. मग समदभाई परत आला आणि त्यानं काळूरामला विचारलं, म्हाताऱ्याला नाही, “आता काय होतं?”

“दोन गोष्टी हुतात,” काळूराम म्हणाला. “येक, होती तशी जोडून देतो, वीस हातांची. ती बी सांध्यांचीच हुनार. दुसरी, बाचा दोन हातांचा तुकडा काढून टाकतो. त्या जागी येकच आठ हातांचं अखंड लाकूड. म्हंजे पठाणाला दोनच सांधे. होडी येकदाच वाढवलेली. सव्वीस हात. पन खलाशांना सांगायचं. मी सांगनार. ज्याला जायचं त्यानं जावं.”

“तुकडा निघेल?”

“करवतीनं काढला तर सांध्याच्या पुढचं चांगलं लाकूड जाईल. खुंट्या काढून सोडवावा लागंल. आनि खुंट्या कुटं हायत ते मला दिसत न्हाईत.”

सगळे भागोजीकडं बघायला लागले. म्हातारा पठाणावर हात ठेवून बसला होता. मला वाटलं, तो आता नाही म्हणेल. माझ्या मनात त्याची बाजूही होती, खरं सांगतो. त्याच्या हातचं सगळ्यात चांगलं काम ते होतं, आणि ते कुणाला न दिसण्यातच त्याचं चांगलेपण होतं. आता ते बाहेर काढून फेकायचं होतं, आणि त्यालाच दाखवायला लागणार होतं कुठून.

“पेन्सील दे,” तो म्हणाला.

कानावरची पेन्सील काळूरामनं त्याला दिली. भागोजीनं डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं तो पठाणावरून सरकवत गेला आणि उजव्या हातानं खुणा करत गेला. एक. दोन. तिसरी खुंटी त्याला सापडेना, तो मागं आला, पुन्हा मोजलं आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. सुचिता जवळ होती, तिला ऐकू गेलं. तो बायकोचं नाव घेऊन विचारत होता, इथंच नं? मग खूण केली. चौदा खुणा व्हायला जवळजवळ एक तास लागला. त्या तासात समदभाई उभाच होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही आणि तो बसलाही नाही.

सामत्यानं भोकं पाडून खुंट्या काढायला काळूरामला तीन दिवस लागले. भागोजी तिन्ही दिवस खुर्ची टाकून बसला आणि चुकलं तिथं काठी आपटत राहिला. “सामता सरळ धर. तुज्या मामानं ह्येच शिकवलं काय.” काळूराम म्हणायचा, “मामानं माप घ्यायला शिकवलं.” म्हातारा खाडीकडं बघायचा आणि पुन्हा काठी आपटायचा.

शेवटची खुंटी निघाली तेव्हा मी होतो. काळूरामनं पाचर घालून हलकेच ठोकलं. चिरकण्याचा आवाज झाला आणि सांधा उघडला. आतलं लाकूड बघायला आम्ही सगळे वाकलो. ते पिवळंधमक होतं. एक्केचाळीस वर्षं समुद्रात राहून त्या दोन लाकडांच्या मधे एक थेंब गेला नव्हता. तासायच्या वाकसाचे घाव अजून ताजे दिसत होते, एकेक वेगळा, आणि एका जागी दुसऱ्या कुणाच्या तरी हातचे दोन तोकडे, अडखळते घाव होते. ते भागोजीचे नव्हते. काळूरामनं त्यावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

सव्वीस जुलैला खलाशी बघायला आले. रंग अजून दिला नव्हता. काळूरामनं त्यांना पठाणापाशी बसवलं, दोन्ही सांधे दाखवले, कुठं कापलं, काय काढलं, काय घातलं, सगळं सांगितलं. केसर म्हणून एक वयस्क खलाशी आहे, तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, “मिस्त्री, एवढं सांगितलंस म्हनून मी येत न्हाय,” आणि निघून गेला. त्याच्यामागं आणखी एक गेला. सहा राहिले. अझहरनं सांध्यावर नखानं टकटक केलं. “चाचा, रंग देऊ नका इथं. येता-जाता दिसला पाहिजे.” तशी तिसरी रीतही गेली.

लाकडी होडी नवी पाण्यात गेली की पहिले दिवस पाणी घेते. फळ्या कोरड्या असतात, फटी उघड्या असतात. मग लाकूड पाणी पितं, फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. त्याला आमच्याकडे फुगवण म्हणतात. इनशानं तो शब्द पहिल्यांदा तेव्हाच ऐकला आणि वहीत उतरवला. तीन दिवस वाट बघायची. तीन दिवसांनी उपसून पाणी पुन्हा आलं तर सांधा गेला. रहमत खाडीत सोडली, दोरानं बांधली, आणि तीन दिवस काळूराम धक्क्यावरून हलला नाही. भागोजीची खुर्चीही तिथं आणून ठेवली होती. पहिल्या दिवशी गुडघाभर पाणी आलं. दुसऱ्या दिवशी घोट्याएवढं. समदभाई दोन्ही दिवस येऊन लांबून बघून गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी काळूराम होडीत उतरला. उरलेलं पाणी त्यानं डब्यानं उपसून टाकलं, फडक्यानं तळ कोरडा केला आणि सांध्याशी पालथा हात लावून बसून राहिला. अर्धा तास. मग हात उचलून बघितला. कोरडा होता. तो त्यानं धक्क्याकडं उंच धरला.

“मला उतरीव,” भागोजी म्हणाला.

अझहर आणि समदभाईनं मिळून म्हाताऱ्याला खाली घेतलं. एका बाजूनं समदभाईनंच धरलं होतं. भागोजी मुलाच्या सांध्याशी बसला. डावा हात त्यानं लाकडावर ठेवला, एकदा पुढं नेला, एकदा मागं आणला. मग परत पुढं. आम्ही सगळे धक्क्यावर उभे होतो, खलाशीही होते, आणि म्हातारा आता ठिगळ म्हणेल की आणखी काही म्हणेल याची वाट बघत होतो.

तो काही म्हणाला नाही. तो तिथंच हात ठेवून बसून राहिला, भरती चढून होडी वर येईपर्यंत.